रेड लावल्यावर संगणक सुरू होईना: गाडी नेमकी कोणत्या टप्प्यावर अडते?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात चूक असेल तर ती तुम्हाला लगेच दिसेल. एसएसडीवर विंडोज ११ व्यवस्थित चालू होतं. फोटो आणि कामाच्या फायली ठेवण्यासाठी तुम्ही ४ टीबीच्या दोन नव्या हार्ड डिस्क लावल्या. एक डिस्क गेली तरी दुसरीवर सगळं शाबूत राहावं, म्हणून बायोसमध्ये साटाचा (डिस्क जोडायच्या मार्गाचा) मोड ‘एएचसीआय’वरून, म्हणजे डिस्क सुट्या चालवण्याच्या नेहमीच्या पद्धतीवरून, ‘रेड’वर, म्हणजे अनेक डिस्क एकत्र चालवण्याच्या पद्धतीवर, नेला आणि दोन्ही डिस्कचा मिरर, म्हणजे रेड १, तयार केला. त्यानंतर विंडोज सुरूच होईना. निळ्या स्क्रीनवर ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असा संदेश आला. परत एएचसीआय केलं तर विंडोज आलं, पण नव्या डिस्क सुट्या सुट्या दिसतात आणि त्या ‘इनिशियलाइझ’ करू का असं विचारलं जातं. शेवटी रेड मोड ठेवून पेन ड्राइव्हवरून विंडोज नव्याने टाकायला घेतलं, तर यादीत एकही डिस्क नाही. आता विंडोज पुन्हा टाकावं लागेल का आणि एसएसडीवरचं सगळं गेलं का, हे तुम्हाला जाणून घ्यायचं आहे.

एसएसडीवरचं काहीही गेलेलं नाही. एएचसीआयवर परत आल्यावर विंडोज सुरू झालं, हाच त्याचा पुरावा. विंडोज पुन्हा टाकायचीही गरज नाही. फक्त ‘इनिशियलाइझ’ला तूर्त होकार देऊ नका. तुमच्या डिस्क नव्या आणि रिकाम्या आहेत, त्यामुळे तुमचं फार नुकसान होणार नाही. पण हाच प्रश्न ज्यांना भरलेल्या डिस्कवर पडेल त्यांच्यासाठी सांगून ठेवतो. इनिशियलाइझ केलं की जीपीटीची, म्हणजे डिस्कवरच्या पार्टिशनच्या यादीची, एक प्रत डिस्कच्या अगदी शेवटच्या सेक्टरांत लिहिली जाते, आणि इंटेलच्या रेडची स्वतःची नोंदही शेवटच्याच सेक्टरांत असते. एका क्लिकमध्ये ती नोंद पुसली जाऊ शकते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. अशा वेळी लोक रेडला दोष देतात किंवा विंडोजला, आणि चोर सोडून संन्याशाला फाशी होते. संगणक सुरू होणं हा खो-खोसारखा प्रकार आहे. मदरबोर्डवरचा फर्मवेअर, म्हणजे ज्याला आपण सवयीने बायोस म्हणतो तो, बूट लोडरला खो देतो. बूट लोडर ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा मेमरीत आणून त्याला खो देतो. मग तो गाभा स्वतःच्या ड्रायव्हरने, म्हणजे हार्डवेअर कसं वापरायचं ते सांगणाऱ्या प्रोग्रॅमने, डिस्क नव्याने ओळखून उरलेली सिस्टीम उचलतो. म्हणजे एकच डिस्क तीन वेगवेगळे खेळाडू, तीन वेगवेगळ्या पद्धतींनी वाचतात. साध्या डिस्कच्या बाबतीत तिघांनाही ती सारखीच दिसते. रेड आला की ‘या दोन डिस्क म्हणजे एकच डिस्क’ ही समजूत तिघांपैकी ज्याला नसेल, त्याच्यापाशी साखळी तुटते.

१९८८ मध्ये बर्कली विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी रेडची कल्पना मांडली, ती एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी स्वस्त डिस्कचा समूह वापरता यावा म्हणून. घरच्या संगणकात ही कल्पना तीन रूपांत येते आणि बूटचा त्रास कुठे होईल हे त्या रूपावरच ठरतं. पहिलं रूप म्हणजे स्वतंत्र रेड कार्ड. त्यावर स्वतःचा प्रोसेसर असतो आणि बाकीच्यांना ते एकच डिस्क दाखवतं. घरी हे क्वचितच दिसतं. दुसरं रूप मदरबोर्डवरच्या रेडचं, जे तुम्ही वापरलंत. यात बायोसला समूह ओळखण्यापुरती समज असते, पण ऑपरेटिंग सिस्टीम चालू झाल्यावर सगळं काम ड्रायव्हर करतो. नाव हार्डवेअरचं आणि मेहनत सॉफ्टवेअरची. तिसऱ्या रूपात ऑपरेटिंग सिस्टीम स्वतःच रेड चालवते: विंडोजची स्टोरेज स्पेसेस, किंवा लिनक्सची एमडी व्यवस्था. त्यात बायोसला समूहाचा पत्ताच नसतो. दुसऱ्या रूपात अडचण बहुधा ड्रायव्हरपाशी येते आणि तिसऱ्यात बूट लोडरपाशी.

म्हणून माझ्याकडे असा संगणक आला की मी आधी गाडी कुठे थांबली ते बघतो, डिस्कला हात नंतर लावतो. ‘बूट करण्याजोगी डिस्क नाही’ असा काळ्या पडद्यावरचा संदेश आला किंवा संगणक आपोआप बायोसमध्ये परत गेला, तर फर्मवेअरला बूट लोडरच सापडलेला नाही. ‘ग्रब रेस्क्यू’ (ग्रब हा लिनक्सचा नेहमीचा बूट लोडर) असं दिसलं, किंवा विंडोजने लोगोच्या आधीच ‘आवश्यक उपकरण जोडलेलं नाही किंवा वाचता येत नाही’ अशा अर्थाचा संदेश दिला, तर बूट लोडर सापडला पण त्याला पुढचा खेळाडू दिसत नाही. विंडोजचा लोगो आला, ठिपके फिरले आणि मग निळी स्क्रीन आली, तर पहिल्या दोघांनी आपलं काम चोख केलंय आणि अडलंय ते ड्रायव्हरपाशी. तुमची अडचण ही तिसरी.

ती येते कशी? विंडोज सुरू होताना आपल्याकडचे सगळे स्टोरेज ड्रायव्हर चढवत नाही. आधी ज्या कंट्रोलरवर, म्हणजे डिस्क सांभाळणाऱ्या चिपवर, ते चाललं होतं, त्याचाच ड्रायव्हर सुरुवातीला चालू होईल अशी नोंद ठेवतं आणि बाकीचे निजलेले असतात. तुम्ही बायोसमध्ये मोड बदललात, तेव्हा तोच कंट्रोलर नव्या ओळखीने समोर आला. विंडोजने जुना ड्रायव्हर लावून पाहिला, तो जुळला नाही, आणि ज्या डिस्कवर आपण बसलो आहोत तीच त्याला वाचता येईना. ‘स्टॉप कोड ७बी’ म्हणतात तो हाच. म्हणजे तुमचा मिरर या भानगडीत कुठेच नाही. एकही मिरर न करता नुसता मोड बदलला असता तरी हीच निळी स्क्रीन आली असती.

उपाय सोपा आहे, फक्त क्रम चुकवू नका. बायोस एएचसीआयवर असताना विंडोज सुरू करा. ‘एमएसकॉन्फिग’ उघडून बूटच्या पानावर ‘सेफ बूट’ला खूण करा, त्याखालचा ‘मिनिमल’ हा पर्याय ठेवा. संगणक रीस्टार्ट करून थेट बायोसमध्ये जा आणि मोड रेड करा. सेफ मोडमध्ये विंडोज निजलेले स्टोरेज ड्रायव्हरही तपासतं, जुळणारा सापडला की त्यालाच कायमचं कामाला लावतं. एकदा सेफ मोडमध्ये डेस्कटॉप दिसला की ती खूण काढा आणि रीस्टार्ट करा. नाहीच जमलं तर बायोस परत एएचसीआयवर न्या. विंडोज सेफ मोडमध्ये येईल, तिथे खूण काढली की तुम्ही होता तिथे परत.

याआधी दोन गोष्टी जवळ हव्यात. सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही, म्हणून खात्याचा खरा पासवर्ड आठवून ठेवा. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. एसएसडीवर बिटलॉकर किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ (डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल, तर बायोसमधल्या अशा बदलानंतर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. नव्या संगणकांवर हे एन्क्रिप्शन अनेकदा मालकाला न कळता चालू झालेलं असतं. ती की मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते किंवा कुठेतरी छापून ठेवलेली. ती कागदावर उतरवून समोर ठेवल्याशिवाय मी कुणाच्याही बायोसमधला मोड बदलत नाही. की नसलेल्या डिस्कसमोर बसलेल्या माणसाला सांगण्यासारखं माझ्याकडे काही उरत नाही, आणि ती वेळ मला पुन्हा कुणावर आलेली बघायची नाही.

ही युक्ती इंटेलच्या जुन्या, साटाच्या रेडवर बहुधा चालते, कारण तो ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीपासून असतो. अकराव्या पिढीपासूनच्या इंटेल प्रोसेसरवर रेडचा कारभार ‘व्हीएमडी’ नावाच्या कंट्रोलरकडे गेला, आणि त्याचा ड्रायव्हर विंडोजच्या प्रत्येक आवृत्तीत असेलच असं नाही. एएमडीच्या बोर्डांवर तर रेडचा ड्रायव्हर वेगळाच आणावा लागतो. अशा बोर्डांवर सेफ मोडच्या भरवशावर राहू नका. आधी ड्रायव्हर विंडोजमध्ये बसवा आणि मोडला नंतरच हात लावा.

तुमच्या पेन ड्राइव्हच्या अनुभवाचं उत्तरही यातच आलं. विंडोजच्या इन्स्टॉलरकडे कंट्रोलरचा ड्रायव्हर नसेल तर त्याला डिस्क दिसणारच नाही. डिस्क निवडायच्या पडद्यावर ‘लोड ड्रायव्हर’ असं बटण असतं, ते याचसाठी. मदरबोर्डच्या कंपनीच्या पानावरून ड्रायव्हर घ्या आणि पेन ड्राइव्हवर ठेवा, पण तो उलगडलेला हवा. ‘आयएनएफ’ फाइल ज्या फोल्डरमध्ये दिसते तोच फोल्डर. नुसती ‘ईएक्सई’ फाइल ठेवली तर इन्स्टॉलर तिच्याकडे बघतही नाही, आणि निम्मे लोक इथेच अडकतात. एएमडीच्या बाबतीत तीन ड्रायव्हर एकामागोमाग चढवावे लागतात: आधी आरसीबॉटम, मग आरसीरेड, शेवटी आरसीसीएफजी. पहिल्यानंतर डिस्क दिसली नाही म्हणून हात टेकू नका. दुरुस्तीसाठी उघडणाऱ्या विंडोज रिकव्हरीलाही हाच नियम लागू आहे. तिथे डिस्क दिसत नाहीत याचा अर्थ त्या मेल्या असा होत नाही.

इथवरचं पुन्हा एकदा: तुमची एसएसडी शाबूत आहे, निळी स्क्रीन मोड बदलल्यामुळे आली, इन्स्टॉलरला डिस्क दिसली नाही ती ड्रायव्हर नसल्यामुळे. तुमच्यापुरतं उत्तर जवळपास इथे संपतं. पण रेड मोडवर राहायचं ठरवलंत तर पुढे आणखी काही वळणांवर गाडी अडू शकते.

पहिलं वळण बूट लोडरच्या जागेचं. यूईएफआयच्या, म्हणजे फर्मवेअरच्या नव्या, पद्धतीत बूट लोडर एका छोट्या, एफएटी३२ने फॉरमॅट केलेल्या पार्टिशनमध्ये असतो. विंडोज टाकताना संगणकात दुसऱ्या डिस्क जोडलेल्या असतील आणि त्यांपैकी एकीवर असं जुनं पार्टिशन असेल, तर इन्स्टॉलर अनेकदा तेच वापरतो. विंडोज एसएसडीवर आणि बूट लोडर भलत्याच डिस्कवर. वर्षभर कुणाला काही कळत नाही. मग ती जुनी डिस्क काढून समूहात घेतली जाते, बायोस तिच्यावरचं सगळं पुसून मिरर करतो, आणि विंडोज सुरू व्हायचं थांबतं. डिस्क मॅनेजमेंट उघडून एसएसडीवर ‘ईएफआय सिस्टम पार्टिशन’ आहे का, एवढं आत्ताच बघून ठेवा. नसेल तर रिकव्हरीतून ते पार्टिशन तयार करून ‘बीसीडीबूट’ने त्यात बूट लोडर टाकता येतो, पण त्यासाठी थोडी मोकळी जागा लागते. मी स्वतः विंडोज टाकताना बाकी सगळ्या डिस्कच्या केबल काढून ठेवतो.

आणि हो, बायोसच्या पडद्यावरून समूह तयार केला की दोन्ही डिस्कवरचा मजकूर जातो. भरलेल्या डिस्कला जोडीदार देऊन तिचा मिरर करायचा असेल तर ते काम विंडोजमधल्या रेडच्या अ‍ॅपमधून होतं. इंटेलच्या अ‍ॅपमध्ये ही सोय आहे, पण कंट्रोलर आधीच रेड मोडवर असायला हवा. बायोसमधून केलं तर ‘डेटा जाईल’ हा इशारा खरा माना.

दुसरं वळण जुन्या आणि नव्या बूट पद्धतीचं. बायोसमध्ये ‘सीएसएम’ नावाची सोय असते. ती चालू असली की संगणक जुन्या पद्धतीनेही बूट होऊ शकतो. मात्र रेडचा समूह फर्मवेअरला ओळखता येतो तो त्या त्या पद्धतीच्या ड्रायव्हरमुळे, म्हणून एका पद्धतीत दिसणारा समूह दुसरीत गायब होऊ शकतो. त्यात ४ टीबीचा समूह म्हटल्यावर जुनी एमबीआर पार्टिशन पद्धत कामाची नाही. ५१२ बाइटच्या सेक्टरांवर तिची मर्यादा सुमारे २.२ टीबी, त्यापुढची जागा तिला मोजताच येत नाही. जीपीटी हवी. आणि जीपीटी डिस्कवरून विंडोज सुरू होतं ते फक्त यूईएफआय पद्धतीने. तेव्हा सीएसएम बंद ठेवा आणि बूटच्या यादीत डिस्कच्या नावापेक्षा ‘विंडोज बूट मॅनेजर’ला पहिला क्रमांक द्या.

तिसऱ्या वळणावर मी जास्त थांबणार आहे, कारण तिथे मी फोटो गमावताना पाहिले आहेत. मदरबोर्डवर नाण्याएवढी एक बॅटरी असते, बहुतेक ठिकाणी सीआर२०३२. काही वर्षांनी ती संपते आणि बायोसची सेटिंग मूळपदावर येतात. बायोस अपडेट केल्यावरही तेच होऊ शकतं. मूळपद म्हणजे बहुतेक बोर्डांवर एएचसीआय, म्हणजेच रेड बंद. एका घरचा संगणक माझ्याकडे आला त्याच्या आधी हेच घडून गेलं होतं. बॅटरी संपली, निळी स्क्रीन आली, कुणीतरी ‘विंडोज उडालंय’ म्हणून एएचसीआयवरच नवं विंडोज टाकून दिलं. मिररमधल्या दोन डिस्क आता सुट्या झाल्या. दोन्हींची ओळख तंतोतंत सारखी असल्यामुळे विंडोजने एकीला चालू ठेवलं आणि दुसरीला ‘ऑफलाइन’ करून टाकलं. घरच्यांना फोटो दिसत होते, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. पुढचे कित्येक महिने नवे फोटो एकाच डिस्कवर जात राहिले.

मग कुणाच्या तरी लक्षात आलं की रेड बंद आहे, आणि त्याने बायोसमध्ये तो परत चालू केला. रेडची नोंद दोन्ही डिस्कवर जशीच्या तशी होती आणि तिच्यानुसार दोन्ही डिस्क एकसारख्या, समूह ‘नॉर्मल’. मधल्या महिन्यांत एक डिस्क पुढे निघून गेली, हे त्या नोंदीला माहीतच नव्हतं. कंट्रोलर कधी या डिस्कवरून वाचू लागला, कधी त्या. फोल्डर उघडताना चुका, अर्धवट फोटो, मग विंडोजची डिस्क तपासणी सुरू झाली आणि ती ‘दुरुस्त्या’ दोन्हींवर लिहू लागली. संगणक माझ्यापर्यंत आला तेव्हा मी पहिल्यांदा तो बंद केला. दोन्ही डिस्क बाहेर काढल्या, एकेकीची पूर्ण प्रत घेतली आणि नव्या फोटोंच्या डिस्कची प्रत एकटी वाचली. बरंचसं मिळालं. सगळं नाही मिळालं, आणि जे गेलं ते एका लहान मुलाच्या पहिल्या वर्षातलं होतं.

म्हणून बायोसचं घड्याळ मागे पडलं, तारीख भलतीच दिसू लागली, आणि त्याच सुमारास बूटचा त्रास सुरू झाला, तर आधी बॅटरी बदला आणि साटाचा मोड बघा. मिररमधल्या डिस्क सुट्या दिसल्या तर एकीवरही काही लिहू नका. आधीच लिहिलं गेलं असेल तर रेड परत चालू करण्यापूर्वी एक डिस्क बाहेर काढा आणि ज्या डिस्कवर ताजा मजकूर आहे तिची वेगळी प्रत घ्या. त्यानंतर समूह नव्याने बांधा. बायोसमधल्या रेडच्या सगळ्या पडद्यांचे फोनने फोटो काढून ठेवायची सवय मी त्या दिवसापासून लावून घेतली आहे.

लिनक्सवर रेड लावणाऱ्यांनाही हा धागा उपयोगी पडावा म्हणून थोडं त्याबद्दल. तिथे बायोसचा रेड घेऊच नये, एमडी व्यवस्था पुरेशी भक्कम आहे. बूटपुरती अडचण एवढीच की फर्मवेअरला एमडी कळत नाही. त्याला ईएफआय पार्टिशन साध्या एफएटीसारखं वाचता आलं पाहिजे. एमडीची नोंद कुठे लिहिली जाते ते तिच्या आवृत्तीवर ठरतं. नेहमीची १.२ ही आवृत्ती सुरुवातीपासून ४ केबीवर लिहिते आणि मजकूर पुढे सरकवते, त्यामुळे फर्मवेअर गोंधळतो. १.० ही आवृत्ती शेवटी लिहिते, त्यामुळे प्रत्येक डिस्क एकटीही वाचता येते. काही जण ईएफआय पार्टिशनचा मिरर १.० वापरून करतात. ते चालतं, पण फर्मवेअरने स्वतः तिथे काही लिहिलं तर ते एकाच डिस्कवर जातं आणि वर सांगितलेला घोळ छोट्या रूपात होतो. मला दोन्ही डिस्कवर दोन स्वतंत्र ईएफआय पार्टिशन ठेवणं, दोन्हींवर ग्रब बसवणं आणि फर्मवेअरच्या यादीत दोन्हींची नोंद करणं जास्त पटतं. ग्रब अपडेट झाला की दुसरीकडे प्रत न्यायची, एवढं काम वाढतं.

ग्रब आला, पण पुढे ‘इनिटरामएफएस’ (लिनक्स सुरू होताना आधी मेमरीत चढणारी छोटी सिस्टीम) असं लिहिलेल्या पडद्यावर गाडी थांबली, तर समूह जुळवला गेलेला नाही. तिथेच ‘प्रॉक’मधली ‘एमडीस्टॅट’ फाइल वाचून बघा. समूह ‘इनअ‍ॅक्टिव्ह’ असेल किंवा एमडी० ऐवजी एमडी१२७ अशा नावाने आला असेल, तर बहुतेक वेळा एमडीएडीएमच्या, म्हणजे एमडी सांभाळणाऱ्या साधनाच्या, कॉन्फिग फाइलमध्ये त्या समूहाची ओळ नसते, किंवा असते पण इनिटरामएफएस नव्याने बांधायचं राहून गेलेलं असतं. ही दुसरी चूक मी स्वतः एकाहून जास्त वेळा केली आहे. कॉन्फिग सुधारली की इनिटरामएफएस परत बांधायचंच, आणि ‘एफएसटॅब’ या डिस्कच्या यादीच्या फाइलमध्ये नावाऐवजी यूयूआयडी, म्हणजे न बदलणारा ओळख क्रमांक, लिहायचा.

जुन्या डिस्क वापरणाऱ्यांसाठी एक बारीक गोष्ट: आधी कधी त्या दुसऱ्या समूहात असतील तर जुनी नोंद फॉरमॅट केल्यावरही टिकू शकते. मग बायोस ‘समूहातली एक डिस्क गायब आहे’ म्हणून बूटच्या वेळी थांबतो, किंवा लिनक्स भलताच समूह जुळवू लागतं. मजकूर नको आहे याची खात्री करून ती नोंद रेडच्या मेनूमधून किंवा लिनक्सच्या ‘वाइपएफएस’ने पुसून टाका. काही बोर्डांवर एम.२ची (पट्टीसारख्या छोट्या एसएसडीची) एखादी जागा वापरली की एक-दोन साटा पोर्ट बंद होतात, तर काही पोर्ट चिपसेटऐवजी वेगळ्या कंट्रोलरचे असतात आणि त्यांवरची डिस्क समूहात येत नाही. मदरबोर्डच्या पुस्तिकेत हे लिहिलेलं असतं.

आता तुम्ही न विचारलेला, पण मला महत्त्वाचा वाटणारा प्रश्न. तुम्हाला मदरबोर्डचा रेड खरंच हवा आहे का? ऑपरेटिंग सिस्टीमच मिररवर ठेवायची असेल, संगणक एक तासही बंद पडलेला चालणार नसेल, तर त्याला कारण आहे. तुमची गरज तशी दिसत नाही. तुम्हाला फोटो आणि फायली जपायच्या आहेत. त्यासाठी बूटची साखळी हलवायची गरजच नाही. तुमच्या जागी मी असतो तर बायोस रेड मोडवर नेऊन तिथल्या मेनूमधून तयार केलेला मिरर आधी डिलीट केला असता, म्हणजे दोन्ही डिस्कवरची नोंद जाते. मग परत एएचसीआय. विंडोज दोनदा नीट सुरू होतंय याची खात्री. त्यानंतर विंडोजच्या स्टोरेज स्पेसेसमध्ये दोन डिस्क देऊन ‘टू-वे मिरर’ केला असता. ही सोय विंडोजच्या होम आवृत्तीतही आहे. तिच्यावरून विंडोज बूट करता येत नाही, पण तुमचं विंडोज एसएसडीवर असल्यामुळे तुम्हाला त्याने फरक पडत नाही. मदरबोर्ड जळाला तरी त्या दोन डिस्क दुसऱ्या विंडोज संगणकाला लावल्या की ओळखल्या जातात. मदरबोर्डच्या रेडबाबत ही खात्री नाही, त्याच घराण्याचा बोर्ड शोधावा लागू शकतो.

मिरर तयार झाला की खरे फोटो भरण्याआधी थोडे निरुपयोगी फोल्डर टाका, संगणक बंद करून एका डिस्कची केबल काढा आणि सुरू करा. फायली उघडतात का? एक डिस्क नाही हे विंडोज सांगतं का? मग केबल लावून मिरर पुन्हा पूर्ण होऊ द्या आणि दुसऱ्या डिस्कवर हाच प्रयोग करा. संध्याकाळ जाईल, पण खऱ्या बिघाडाच्या दिवशी काय दिसणार हे तुम्हाला आधीच माहीत असेल. आणि तिसरी प्रत, संगणकाला एरवी न जोडलेल्या बाहेरच्या डिस्कवर, ठेवाच. चुकून डिलीट केलेला फोटो मिररमधल्या दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी जातो.

एवढं करून कुठे अडलं तर मदरबोर्डचं नेमकं मॉडेल, गाडी कुठे थांबते त्या पडद्याचा फोटो, आणि डिस्क मॅनेजमेंटचा फोटो इथे टाका. एसएसडीवर ईएफआय पार्टिशन आहे की नाही, ते मला त्या फोटोत सगळ्यात आधी बघायचं आहे.